कोर्टाचा हुकूम आहे, पण मूल भेटत नाही आणि फ्लॅटवर सही होत नाही: दरखास्तीबद्दल विचारायचंय

निळासावळा

मंडळी, मदत हवी आहे.

परस्परसंमतीने घटस्फोट झाला. मुलाचा ताबा त्याच्या आईकडे, भेटीचा हक्क मला. पुण्यातला फ्लॅट दोघांच्या नावावर होता. ठरलेली रक्कम मी द्यायची आणि तिने आपला हिस्सा सोडायचा. मुलाचा खर्च दरमहा माझ्याकडून. रक्कम बँकेतून दिली, खर्चही न चुकता जातो. मुलगा आठ वर्षांचा आहे. निकालानंतर काही महिने भेटी नीट झाल्या. मग ती नोकरीनिमित्त नाशिकला गेली आणि दर वेळी काहीतरी निघायला लागलं. कधी परीक्षा, कधी ताप, कधी कोणाचं तरी लग्न. हल्ली एकच उत्तर येतं, "त्यालाच यायचं नाही." फ्लॅटच्या सहीबद्दल विचारलं की मेसेज वाचला जातो, उत्तर येत नाही.

हुकमाची नक्कल घेऊन पोलीस चौकीत गेलो. साहेबांनी वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाले, हा दिवाणी मामला, कोर्टातच जा. आधीचे वकील म्हणतात, आता पुन्हा कशाला वाढवता, थोडं थांबा.

मला भांडण नकोय. पण न्यायाधीशांनी सही केलेल्या कागदाची अंमलबजावणी शेवटी करतं कोण? भेट आणि फ्लॅट दोन्ही एकाच अर्जात मागता येतं का?

स्पष्टवक्ता

मुलाचे पैसे बंद करा. पुढच्या महिन्यात फोन येतो की नाही बघा. बाकी कलमं-बिलमं वकिलांची पोटं भरायला.

केतकी_व

स्पष्टवक्ता, सल्ला देऊन तुम्ही मोकळे, निस्तरायचं त्यांना. खर्च मुलासाठी आहे. तो थांबवला की पुढच्या तारखेला समोरचे वकील पहिलं वाक्य तेच बोलणार आणि भेटीचा मुद्दा मागे पडणार. उलट बाजूनेही हेच. पैसे थकले म्हणून मूल दाखवायचं नाही, असं करणाऱ्या आया मी पाहिल्यात. कोर्ट दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या धरतं.

दरखास्तवाला

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो, बरीचशी कामं दरखास्तींचीच, म्हणजे कोर्टाच्या हुकमाची अंमलबजावणी मागणाऱ्या अर्जांची. इथे लिहितोय ती सर्वसाधारण माहिती. कागद न बघता ठाम सल्ला कोणी देऊ नये, घेऊही नये.

पोलिसांनी सांगितलं ते ऐकायला बरं वाटत नसलं तरी चूक नाही. कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४, कलम १८ असं सांगतं की या न्यायालयाच्या हुकूमनाम्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकंच बळ आहे आणि त्याची अंमलबजावणी दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे व्हायची. म्हणजे पोलीस आपणहून काही करणार नाहीत. दरखास्तीत कोर्टाने पोलीस मदतीचा हुकूम केला तर येतील. अपवाद पोटगीचा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं ना, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं. त्या हुकमावर थकबाकीसाठी वॉरंट निघतं.

दरखास्त लावायची ती ज्या कोर्टाने हुकूम दिला तिथेच. समोरची व्यक्ती दुसऱ्या जिल्ह्यात गेली असेल तर तिथल्या कौटुंबिक किंवा दिवाणी कोर्टाकडे ती पाठवून घेता येते. मुदत साधारणपणे बारा वर्षं (मुदत कायदा १९६३, अनुच्छेद १३६). आज्ञार्थी मनाईहुकूम (एखादी गोष्ट करायलाच लावणारा) असेल तर मात्र तीनच वर्षं, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. आणि हुकमाला दोन वर्षं उलटून गेली की "दरखास्त का चालवू नये" अशी नोटीस समोरच्याला आधी बजावावी लागते. समोरची व्यक्ती नोटीस घेत नसेल तर त्यातच बराच काळ निघून जातो. म्हणून "थांबा" हा सल्ला मला पटत नाही.

आता तुमचं काम: संमतीच्या अटी शब्दशः इथे टाका, नावं आणि रकमा काढून. आणि हुकमाच्या शेवटच्या परिच्छेदात "संमतीच्या अटी हुकूमनाम्याचा भाग समजाव्यात" अशा अर्थाचं वाक्य आहे का ते बघा. ते नसेल तर गाडी आधी तिथेच अडेल.

निळासावळा

वाक्य आहे. अटी अशा:

"४. अर्जदार क्र. १ यांना मुलास वाजवी वेळी, मुलाच्या सोयीनुसार व परस्पर संमतीने भेटता येईल."

"७. अर्जदार क्र. १ यांनी वर नमूद रक्कम अदा केल्यानंतर अर्जदार क्र. २ या सदर सदनिकेतील आपला अविभक्त हिस्सा अर्जदार क्र. १ यांचे लाभात नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडून देतील."

"८. सदर सदनिकेवरील कर्ज अर्जदार क्र. १ हे फेडतील."

दरखास्तवाला

सातवी अट वाचून बरं वाटलं, चौथी वाचून कपाळाला हात लावला.

चौथीत "वाजवी", "सोयीनुसार" आणि "परस्पर संमतीने". वार नाही, वेळ नाही, ठिकाण नाही, मुलाला आणायचं कोणी आणि सोडायचं कोणी ते नाही. घटस्फोट लवकर उरकावा म्हणून दोन्ही वकील असं लिहून मोकळे होतात आणि त्या दिवशी सगळे खूश असतात. पण दरखास्त चालवणारं कोर्ट हुकूमनाम्याच्या मागे जाऊ शकत नाही. त्यात जे लिहिलेलं नाही ते पदरचं घालू शकत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ नियम ३२ मध्ये मालमत्तेची जप्ती आहे, दिवाणी तुरुंग आहे. पण त्यासाठी तुम्हाला दाखवावं लागतं की हुकूम पाळायची संधी होती आणि तो जाणूनबुजून पाळला नाही. इथे हुकमातच "परस्पर संमतीने" लिहिलंय आणि तिने संमती दिली नाही. मग मोडलं काय? समोरचे वकील पाच मिनिटांत हा प्रश्न विचारतील.

म्हणून भेटीसाठी आज दरखास्त लावू नका. त्याआधी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली, ज्या कोर्टाने हुकूम दिला तिथेच, भेटीचं पक्कं वेळापत्रक ठरवून मागणारा अर्ज करा. घटस्फोट झाल्यावरही हे कलम चालतं आणि मुलांबाबतचा हुकूम परिस्थितीप्रमाणे बदलता येतो. पालक व पाल्य कायदा १८९० खाली नवा अर्ज करायचा म्हटलात तर मात्र मूल सामान्यतः जिथे राहतं तिथे, म्हणजे नाशिकला जावं लागेल. वेळापत्रकाचा हुकूम झाला आणि तो मोडला, की मग नियम ३२.

फ्लॅटची गोष्ट वेगळी. तिथे उद्या दरखास्त लावा. आदेश २१ नियम ३४ नेमका याच दुखण्यावर आहे: हुकूमनाम्याप्रमाणे दस्त करून द्यायचा आणि समोरचा करून देत नाही. हक्कसोडपत्राचा मसुदा तुम्ही तयार करून कोर्टात द्यायचा. कोर्ट तो तिला नोटिशीसोबत पाठवतं, हरकत घ्यायला मुदत देतं. हरकती ऐकून मसुदा मंजूर झाला आणि तरीही सही झाली नाही, तर तिच्या वतीने न्यायाधीश किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी सही करतो आणि ती सही तिचीच धरली जाते. दस्त नोंदवून घेण्याचीही तरतूद त्याच नियमात आहे. म्हणजे तिने हजर राहिलंच पाहिजे असं नाही. लोक वर्षानुवर्षं "ती सही करत नाही" म्हणून रडत बसतात आणि हा नियम त्यांना कोणी सांगत नाही.

मसुदा करताना सदनिकेचं वर्णन मूळ करारनाम्यातून जसंच्या तसं उचला: गट किंवा सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, चतुःसीमा, सोसायटीच्या भागप्रमाणपत्राचा क्रमांक. हुकमात "पुण्यातील फ्लॅट" एवढंच असेल आणि मसुद्यात वेगळं वर्णन आलं तर हरकतीला आयतं निमित्त. मुद्रांक शुल्क कोण भरणार हे अटींत दिसत नाही. ते तुमच्याच अंगावर येईल असं धरून चाला, आणि किती ते दस्त लिहिणाऱ्याकडून आधी काढून घ्या. घटस्फोटानंतर नवरा-बायकोमधल्या दस्ताच्या सवलती लागू होतात की नाही यावर पुष्कळ फरक पडतो.

दोन्ही मागण्या एका अर्जात घालू नका. फ्लॅटच्या हिशेबाला मुलाची भेट बांधली की भेट त्याच चालीने चालते.

तिखटमीठ

बाहेरून एक विचारते, राग नसावा. कर्ज अजून दोघांच्या नावावर आहे का? असेल तर ती सही का करत नाही हे मला तरी कळतंय. हिस्सा सोडला की फ्लॅट गेला, पण बँकेच्या दप्तरी ती कर्जदार राहिलीच. तुमचे दोन हप्ते चुकले तर फोन तिला येणार, उद्या नाशिकला घर घ्यायला गेली तर कर्ज तिला नाकारणार.

निळासावळा

हो, दोघांच्या नावावर आहे. हे तिने एकदा बोलून दाखवलं होतं. आठव्या अटीत मी फेडणार असं लिहिलंय, म्हणून मी म्हटलं त्यात काळजी कसली.

दरखास्तवाला

तिखटमीठ यांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. बँक तुमच्या अर्जात पक्षकार नव्हती. तुमच्या आपसातल्या अटीने बँक बांधली जात नाही, तिचा हक्क दोघांवर कायम. नियम ३४ मध्ये ती हीच हरकत घेईल आणि कोर्ट निदान ऐकून तरी घेईल.

बँकेत जाऊन कर्ज एकट्याच्या नावावर करून मागा. तुमचा पगार पुरत असेल तर नव्याने मंजुरी देतात, किंवा दुसऱ्या बँकेत कर्ज हलवून जुनं बंद करता येतं. मंजुरीचं पत्र हातात आलं की त्याची प्रत जोडून तिला वकिलामार्फत पत्र पाठवा: अमुक तारखेला दुय्यम निबंधक कार्यालयात या, एका टेबलावर हक्कसोडपत्र आणि दुसऱ्यावर कर्जातून नाव कमी. माझ्याकडची अशी कामं दरखास्तीपेक्षा या पत्रावर जास्त मिटली आहेत. नाहीच आली तर तेच पत्र दरखास्तीत निशाणी, म्हणजे पुरावा, म्हणून लागेल.

अवांतर: अविभक्त हिस्सा ती मधल्या काळात तिसऱ्याच कोणाला लिहून देईल अशी भीती असेल तर "लिस पेंडन्स"ची (मिळकतीवर दावा चालू असल्याची) सूचना नोंदवून ठेवा. महाराष्ट्रात नुसता दावा चालू असून भागत नाही, ती सूचना नोंदलेली लागते.

नवखा_१२

धागा वाचतोय. मूळ प्रश्न: घटस्फोटात बायकोला निम्मी मालमत्ता मिळतेच ना? मग एवढ्या अटी कशाला?

दरखास्तवाला

नाही मिळत. हा सिनेमांनी करून दिलेला समज. आपल्याकडे लग्नानंतरची सगळी मिळकत निम्मी-निम्मी असा कायदा नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम २७ आहे, पण ते लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास मिळालेल्या आणि दोघांच्या सामाईक असलेल्या वस्तूंपुरतं. स्त्रीधन तिचं स्वतःचंच, त्यात वाटणी नाही. बाकी मालमत्तेचा वाद कौटुंबिक न्यायालयात चालतो, पण नाव कोणाचं आणि पैसे कोणी घातले यावरच. म्हणूनच संमतीच्या अटींना इतकं महत्त्व. वाटणीचा बहुतेक भाग कायद्यातून येत नाही, त्या चार पानांतून येतो.

मांडवीकाठ

गोव्याचं वेगळं आहे हो. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनची पद्धत; वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर मालमत्ता दोघांची सामाईक, निम्मी-निम्मी. वाटणी इन्व्हेंटरी प्रोसिडिंगमधून होते. मालमत्तेची यादी निघते, वाटे पाडतात, आणि एखादी वस्तू दोघांनाही हवी असेल तर आपसातच बोली लागते. त्यासाठी २०१२चा वेगळा गोवा कायदा आहे. यादीतच एखादी गोष्ट दडवली तर भांडण पुन्हा पहिल्यापासून, हे मात्र तुमच्यासारखंच.

गावंधळ

आमच्या शिवारातली गोष्ट. नवरा-बायकोने मिळून घेतलेली शेतजमीन, कोर्टाने निम्मा-निम्मा हिस्सा ठरवला. दोघांना वाटलं झालं. नाही झालं. सारा भरणाऱ्या जमिनीचं प्रत्यक्ष वाटप कोर्ट स्वतः करत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. तिथून तहसीलदार, मग भूमी अभिलेखचा मोजणीवाला. विहीर कोणाच्या वाट्याला, रस्ता कुठून, सरस-निरस (चांगली-हलकी जमीन) कसं धरायचं, यावर बांधावर जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. हुकूमनाम्यात विहिरीच्या पाण्याचे वार लिहून घेतले असते तर निम्मं भांडण वाचलं असतं.

तिखटमीठ

पैशांच्या दरखास्तीबद्दल माझ्याकडून. माझ्या नवऱ्याने (माजी) एकरकमी रक्कम हप्त्यांनी द्यायची होती. सुरुवातीचे हप्ते आले, पुढचे नाहीत. दरखास्त लावली, बेलिफ भत्ता भरला. बेलिफ दोनदा जाऊन आला आणि अहवालावर लिहिलं, "सदर इसम मिळून आला नाही, दार बंद." तो इसम वरच्या मजल्यावर खिडकीत उभा होता, मी स्वतः रिक्षात बसून पाहिला.

मग वकीलबाईंनी आदेश २१ च्या नियम ४१ चा अर्ज दिला: ऋणकोने आपल्या सगळ्या मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं. ते दिलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंग. त्या नोटिशीनंतर मात्र खिडकीतला इसम खाली आला. बँक खातं कळलं, खात्यावर जप्ती लागली, कंपनीच्या पगार विभागाला पत्र गेलं. पगारातून थेट कोर्टात रक्कम जमा व्हायला लागली.

ज्यांचे पैसे येणं आहे त्यांनी एक करा: पॅन, नोकरीचं ठिकाण, बँकेची शाखा, गाडीचा नंबर, जे माहीत आहे ते संसार चालू असतानाच वहीत लिहून ठेवा. नंतर काही सापडत नाही. वाईट वाटतं वाचायला, पण असंच आहे.

केतकी_व

पगार पूर्ण जप्त होतो का? माझ्या मैत्रिणीला सांगितलं की एक तृतीयांशच होतो.

दरखास्तवाला

उलटं सांगितलंय. पोटगीचा हुकूमनामा असेल तर पगाराचा एक तृतीयांश भाग जप्तीतून सुटतो, दोन तृतीयांशापर्यंत हात घालता येतो. इतर देण्यासाठी पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुटतात. आणि ज्यांना १२५/१४४ खालची पोटगी आहे त्यांनी हे लक्षात ठेवा की वॉरंटसाठीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत लागतो. तीन-तीन वर्षांची थकबाकी साठवून एकदम येणाऱ्यांची पंचाईत होते. तुरुंगात जाऊन आला म्हणून देणं फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलंय. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालाने दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं, तेही हाताशी ठेवा. त्यात खोटं सापडलं की दरखास्तीचं निम्मं काम होतं.

देणाऱ्यांसाठीही: रोख देऊ नका. कोर्टाबाहेर दिलेली आणि कोर्टात न नोंदवलेली रक्कम दरखास्तीत जमा धरली जात नाही. "तिच्या भावासमोर दिले" याला अर्थ नाही.

स्पष्टवक्ता

एवढं सगळं करून वर्षं किती? ते सांगा ना.

दरखास्तवाला

प्रश्न रास्त आहे. २०२१ मध्ये राहुल शाह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढावी, उशीर झाला तर कारणं लिहावीत. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे. पण त्या निकालाचा दाखला देऊन जवळची तारीख मागितली तर निदान तारीख जवळची पडते. अवमान याचिकेचं कोणी सुचवेल, तर तीही उच्च न्यायालयात करता येते, वर्षाच्या आत. पण "आधी दरखास्त लावा" असं तिथे हमखास ऐकवतात. अटींत कोर्टाला दिलेली स्पष्ट हमी असेल तर जोर येतो. तुमच्या अटींत हमी दिसत नाही.

वसुधा_निवृत्त

मी कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक होते. वकीलसाहेबांचं सगळं बरोबर आहे, पण फ्लॅट आणि मूल यांत जो फरक आहे तो कायद्याच्या पुस्तकात दिसत नाही. फ्लॅटच्या कागदावर कोर्टाचा माणूस सही करू शकतो. मुलाच्या वतीने "मला बाबांकडे जायचंय" असं कोणी म्हणू शकत नाही.

"त्यालाच यायचं नाही" हे वाक्य मी रोज ऐकायचे. काही वेळा ते खरं असतं. आठ वर्षांच्या मुलाला शनिवारी क्रिकेट सोडून चार तास प्रवास नको असतो, त्याला बाप नकोसा नसतो. काही वेळा घरात जे बोललं जातं तेच मूल बोलतं. भेटीच्या खोलीत मुलं खेळायची आणि मधेच दाराच्या काचेतून आई बघतेय का ते पाहून घ्यायची. आई दिसली की हातातला ठोकळा खाली. बाहेर गेली की पुन्हा खेळ सुरू. पण म्हणून लगेच "मुलाचं कान भरणं" असा आरोप अर्जात घालू नका. २०१७ च्या विवेक सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या प्रकाराची दखल घेतली होती खरी. २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने बजावलं की पुराव्याशिवाय असा शिक्का मारू नये, नेमकी वर्तणूक दाखवावी. अर्जात विशेषणं नकोत. तारीख, काय ठरलं होतं, काय झालं, एवढंच.

आणि भाऊ, मोबाइलवर मुलाचं चित्रीकरण करू नका. "सांग, आई काय म्हणते?" असं विचारून काढलेले व्हिडिओ मी फायलीत पाहिलेत. ते विचारणाऱ्यालाच महागात पडतात. ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी पोहोचा, तिथून एक साधा मेसेज टाका: "मी आलोय, पाचपर्यंत आहे." पुरे.

अर्जासोबत समुपदेशकाकडे पाठवण्याची विनंती करा. दोन-तीन बैठकींत अर्धी वेळापत्रकं संमतीने ठरतात, आणि संमतीने ठरलेलं टिकतं.

निळासावळा

वसुधाताई, क्रिकेटचं कसं ओळखलंत? शनिवारी सकाळी त्याचं कोचिंग असतं.

तुमच्या सगळ्यांच्या सांगण्यावरून कच्चं वेळापत्रक केलंय. दुसरा आणि चौथा शनिवार सकाळी १० ते रविवार संध्याकाळी ६, माझ्याकडे पुण्यात. दर बुधवारी व्हिडिओ कॉल. दिवाळी आणि उन्हाळ्याची सुट्टी निम्मी-निम्मी. ठीक आहे का?

वसुधा_निवृत्त

बरेच दिवस भेट नाही, तर पहिल्याच शनिवारी रात्रीचा मुक्काम मागू नका. पहिले दोन महिने नाशिकलाच, कोचिंग संपल्यावर, दुपारी १ ते ६. मैदानावरून घ्या आणि आईच्या दारात न जाता ठरलेल्या जागी सोडा. नंतर मुक्काम. पुण्यात आणणं तिसऱ्या टप्प्यात. टप्प्यांच्या तारखा हुकमातच लिहून घ्या, म्हणजे पुन्हा अर्ज नको.

केतकी_व

बुधवारी किती वाजता? "दर बुधवारी" लिहाल तर रात्री साडेदहाला फोन लागेल, मूल झोपलेलं. आणि "दिवाळी निम्मी" म्हणजे कुठली निम्मी? लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज कोणाकडे, यावर आमच्या नात्यात दोन वर्षं वाद चाललाय. सम वर्षी एकाकडे, विषम वर्षी दुसऱ्याकडे असं लिहा.

दरखास्तवाला

केतकीताईंना वकील व्हायला हवं होतं. आणखी घाला: मूल आजारी असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी त्याच दिवशी पाठवायची आणि बुडालेली भेट लगेच पुढच्या शनिवारी भरून द्यायची. सबबींच्या शनिवारांना औषध हेच. शाळेच्या पालकसभेला जायची आणि प्रगतिपुस्तक शाळेतून थेट मिळायची मुभा मागा, ती सहसा कोणी नाकारत नाही. पत्ता, शाळा किंवा शहर बदलायचं असेल तर आधी लेखी कळवायचं. प्रवासाचा खर्च कोणाचा, हेही. तुम्ही स्वतःहून घेतलात तर वेळापत्रक मिळायला सोपं जाईल, असं माझं मत.

आणि तुमच्यावरही बंधन लिहून घ्या. येणार नसाल तर दोन दिवस आधी कळवायचं. एकतर्फी वेळापत्रकावर न्यायाधीश सही करायला कचरतात. मुलाला दारात बसवून ठेवून न येणारे बापही त्यांनी पाहिलेले असतात.

तिखटमीठ

+१. आणि बँकेचं पत्र आधी, अर्ज नंतर. तिला आधी काहीतरी हातात मिळू दे.

निळासावळा

बँकेत जाऊन आलो. एकट्याच्या पगारावर बसतंय, कागद मागितलेत. पत्राचा मसुदा वकील करताहेत (नवे). वेळापत्रकाचा अर्ज एप्रिलच्या शेवटी लावू म्हणतात, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत भेट मागता येईल.

दरखास्तवाला

एप्रिलच्या शेवटी नको. मे महिन्यात मुलाला सुट्टी असते तशी कोर्टालाही असते. एप्रिलअखेर लावलात तर नोटीस बजावून परत येईपर्यंत जून उजाडेल आणि शाळा सुरू. अर्ज याच महिन्यात टाका आणि त्यातच सुट्टीपुरता अंतरिम भेटीचा वेगळा अर्ज जोडा. नाशिकची नोटीस बेलिफबरोबरच नोंदणीकृत टपालानेही काढायची परवानगी घ्या. हुकमाची प्रमाणित नक्कल जुनी असेल तर नक्कल विभागात आजच अर्ज देऊन ठेवा, मार्चअखेरीस तिथे गर्दी असते.